वाचणारा जळाला होता

ज्येष्ठ वद्य नवमी म्हणजे आमच्या विश्रांतवाडीचा मोठा दिवस. आदल्या दिवशी आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघी, कळस करत आमच्या चौकातून पुण्याकडे जाते. आळंदी रस्ता वाहनांना बंद असतो आणि आमचं घर त्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. त्यामुळे त्या दिवशी आमच्या घराची धर्मशाळा होते. कोथरूड, चिंचवड, हडपसर, सगळीकडचे नातेवाईक आदल्या रात्रीच मुक्कामाला. गॅसवर चहाचं पातेलं कायम, आणि भिंतीतल्या प्रत्येक पॉइंटला कुणाचा ना कुणाचा चार्जर लटकलेला.

२०२४ साली ही नवमी ३० जूनला, रविवारी आली होती. पालखी गेली, जेवणं झाली, सतरंजीवर सगळे आडवे झाले आणि आत्या म्हणाली, "दादाचा आवाज आहे ना रे तुझ्याकडे? ऐकव की जरा."

दादा म्हणजे माझे थोरले काका. वाई तालुक्यातल्या आमच्या गावी एका पत्र्याच्या ट्रंकेत घराण्याचे जुने कागद आहेत, सगळे मोडीत. काका तलाठी होते, मोडी शाळेतच शिकलेले. २०१० च्या दिवाळीत मी त्या ६१ कागदांचे फोटो काढले आणि चार दुपारी काकांना शेजारी बसवून एकेक कागद मोठ्याने वाचून घेतला. रेकॉर्डर चालू ठेवला होता. काका वाचता वाचता थांबायचे, चष्मा पुसायचे आणि "हा म्हणजे आपल्या खालच्या आळीतला बरं का, ह्याचाच पणतू तो गिरणीवाला" असं काहीबाही सांगायचे. खरी मजा त्यातच होती. २०१३ मध्ये काका गेले. फोटो आणि आवाज, दोन्ही माझ्या एका जुन्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर राहिले. मनात कायम हेच, की एकदा निवांत बसून सगळं उतरवून काढायचं. निवांतपणा काही आला नाही. आडनाव लावल्यासारखं गावाच्या नावातच 'विश्रांत' आहे, एवढंच!

तर मी कपाटातून ती डिस्क काढली. जाडजूड, काळी, स्वतःचा वेगळा अडॅप्टर लागणारी. टेबलाखाली हात घातला, एक काळी वायर हाताला लागली, पिन बरोबर बसली, बटण दाबलं. एकदा निळा दिवा लागला, आतून 'टक्' असा बारीक आवाज आला, आणि मग तो वास. ज्यांनी कधी घरी रेडिओ उघडलाय त्यांना तो वास सांगायला नको.

आधी सगळ्यांनी विजेला शिव्या घातल्या. "पावसाळ्यात हे असंच, व्होल्टेज वरखाली होतं." मीही मान डोलावली. रात्री पाहुणे झोपल्यावर टेबलाखाली बॅटरी मारून पाहिलं तेव्हा कळलं की वीज बिचारी निर्दोष होती. डिस्कचा अडॅप्टर १२ व्होल्टचा. मी लावला होता तो भाच्याच्या लॅपटॉपचा, १९ व्होल्टचा. दोन्ही पिना गोल, दोन्ही सारख्याच जाडीच्या. चूक सर्वस्वी माझी. हे आज इथे पहिल्यांदाच कबूल करतोय, भाच्याने नोंद घ्यावी.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका दुकानात गेलो. त्याने खोका उघडला, तशीच दिसणारी दुसरी डिस्क आणली, तिच्या पाठीवरचं हिरवं सर्किट काढून माझ्या डिस्कला लावलं. चकती फिरायला लागली! माझा चेहरा उजळला. पण आतून टिक... टिक... टिक... असा आवाज यायला लागला आणि मिनिटाभरात सगळं बंद. "आतलं गेलंय साहेब," असं म्हणून त्याने डिस्क परत दिली. मी ती फडक्यात गुंडाळून घरी आणली. आत्याला फोन करायचा धीर झाला नाही.

पुढचे पंधरा दिवस मी, माणूस आजारी पडल्यावर जसं आपण रोगाबद्दल वाचत सुटतो, तसं हार्ड डिस्कबद्दल वाचत सुटलो. त्यातून कळलं ते फार आवडलं, म्हणून सांगतो.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या लोकांनी 'रॅमॅक' नावाचं यंत्र बनवलं. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या एका दांड्यावर फिरायच्या, आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरं मावायची. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला त्याहून जास्त जागा लागू शकते. पण कल्पना तीच, जी आजही आहे: गोल फिरणारी चकती, तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर, आणि चकतीला न चिकटता तिच्यावर हवेच्या गादीवर तरंगणारं वाचणारं डोकं, म्हणजे हेड. रॅमॅकमध्ये हे हेड चकतीपासून सुमारे २० मायक्रोमीटर वर असायचं. आजच्या डिस्कमध्ये ते अंतर काही नॅनोमीटर उरलंय. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजा.

आता मुद्द्याची गोष्ट. मजकूर असतो चकतीवरच्या चुंबकीय कणांच्या दिशांमध्ये. विजेचा दाब जातो तो डिस्कच्या पाठीवरच्या सर्किटमध्ये. तिथे दारातच राखणदार बसवलेले असतात, टीव्हीएस डायोड म्हणून. दाब मर्यादेबाहेर गेला की हा डायोड वीज स्वतःच्या अंगावर घेतो आणि बऱ्याचदा त्यात मरतो. मरताना तो शॉर्ट होतो, त्यामुळे डिस्क मेल्यासारखी दिसते. नशीब असेल तर नुकसान तिथेच थांबतं. नसेल तर मोटर फिरवणारी चिप जळते. आणि अगदीच वाईट दिवस असेल तर वीज आत, हेडच्या दांड्यावर बसवलेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचते. मग धूळमुक्त खोलीत डिस्क उघडून हेडच बदलावी लागतात. तो खर्च आणि धोका दोन्ही मोठे. पण या तिन्ही प्रकारांत चकतीवरचा मजकूर सहसा जिथल्या तिथे असतो. १९ व्होल्टनी त्या कणांची तोंडं फिरत नाहीत.

म्हणजे काय झालं होतं? लिहिलेलं जळलं नव्हतं. वाचणारा जळाला होता.

याचं सगळ्यात थरारक उदाहरण तुम्ही कदाचित ऐकलं असेल. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. ढिगाऱ्यात नंतर एक हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची मापं तिच्यावर होती. प्लॅस्टिक वितळलेलं, इलेक्ट्रॉनिक भाग जळून गेलेले. अमेरिकेतल्या ऑनट्रॅक कंपनीच्या लोकांनी आतल्या चकत्या रसायनाने साफ केल्या, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के मजकूर परत मिळवला. २००८ मध्ये त्या प्रयोगाचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात छापून आला. सात माणसं परत आली नाहीत, पण त्यांनी केलेलं काम परत आलं. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग आमच्या डिस्कला दुसऱ्याचं सर्किट लावून का भागलं नाही? याचंही उत्तर इतिहासातच आहे. जुन्या काळी, म्हणजे साधारण नव्वदच्या दशकापर्यंत, एकाच मॉडेलच्या दोन डिस्कची सर्किटं पुष्कळदा आपसात बदलता यायची. पुढे चकतीवर मजकूर इतका दाटीने लिहायला लागले, की प्रत्येक डिस्कचा कारखान्यात स्वतंत्र 'स्वभाव' मोजावा लागू लागला. कुठलं हेड किती संवेदनशील आहे, कुणाला किती करंट द्यायचा, कोण जरा डावीकडे सरकलेलं आहे, वगैरे. यातली काही मापं सर्किटवरच्या एका आठ पायांच्या चिपमध्ये साठवलेली असतात. आकार तुरीच्या डाळीएवढा. दुसऱ्या डिस्कचं सर्किट आणलं तर त्यात दुसऱ्या डिस्कचा स्वभाव असतो. हेड बिचारं अंदाजाने चाचपडतं, सापडत नाही, परत येतं, पुन्हा जातं. तीच ती टिक टिक.

हे वाचलं आणि मला एकदम काका आठवले.

आपल्याकडे पुण्यात कौन्सिल हॉलजवळ पुराभिलेखागार आहे, तिथे पेशवे दफ्तर ठेवलंय. फडक्यात बांधलेले हजारो रुमाल, कोट्यवधी कागद. बहुतेक सगळे मोडीत. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. पण १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध लिपी घ्यायचं ठरवलं, पुढे शाळांमधूनही मोडी गेली, आणि हळूहळू वाचणारे संपत आले. २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा कचेऱ्यांमधून मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली, हे आपण पाहिलंच. दप्तरात नोंदी होत्या. वाचणारा हवा होता.

आणि नुसती अक्षरओळख असून भागत नाही. मोडीत शब्द तोडून लिहायची रीत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नाही, प्रत्येक कारकुनाची वळणं निराळी. एका गावच्या कागदांना सरावलेला माणूस दुसऱ्या गावच्या कागदांपुढे अडखळतो. काकांना आमच्या ट्रंकेतल्या कागदांचा 'स्वभाव' माहीत होता. कोणता कुलकर्णी 'स' कसा काढतो, कोणत्या नावाचा संक्षेप कसा करतो, सगळं. ट्रंक अजून गावी आहे, कागद आहेत. उद्या पैसे देऊन मोडीचा जाणकार बोलावता येईल. पण खालच्या आळीतल्या गिरणीवाल्याचा पणजोबा त्याला कुठून माहीत असणार? आमची ती तुरीच्या डाळीएवढी चिप २०१३ मध्येच गेली होती, आणि तिची एकुलती एक नक्कल मी १९ व्होल्टला जोडली होती.

शेवटी एका मित्राने बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतल्या एका कारागिराचं नाव सांगितलं. पहिल्या मजल्यावर आठ बाय दहाची खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक गरम हवेची बंदूक. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मूळ सर्किट फेकलं नाही ना?" नव्हतं फेकलं. त्या दुकानातून मी ते जळकं सर्किट, का कोण जाणे, मागून घेतलं होतं. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या शहाणपणांपैकी ते एक.

त्याने भिंगाखाली दाखवलं. १२ व्होल्टच्या वाटेवरचा डायोड शॉर्ट झालेला, आणि मोटरच्या चिपच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढं भोक. ती आठ पायांची चिप मात्र ठीक दिसत होती. त्याने दुसऱ्या डिस्कचं, अगदी त्याच नंबरचं सर्किट मिळवलं. त्याला दहा दिवस लागले. मग गरम हवेने माझ्या जळक्या सर्किटवरची चिप उचलून नव्या सर्किटवर बसवली. हे सगळं मी तिथे स्टुलावर बसून पाहिलं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसण्याची सवय असलेल्या माणसाला थेट आत बसवल्यासारखं वाटत होतं.

डिस्क फिरली. टिक टिक नाही. नुसती एक संथ घरघर.

मी लगेच म्हणालो, "उघडा उघडा, फाइली दाखवा!" तो म्हणाला, "थांबा. आधी नक्कल." मरणाच्या दारातून आलेल्या डिस्कवर लगेच काम करायचं नसतं. आधी तिची जशीच्या तशी, एकेक कप्पा उचलून नव्या डिस्कवर प्रत करायची, आणि मग जे काय करायचं ते त्या प्रतीवर. प्रत करणारा प्रोग्रॅमही शहाणा असतो. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो, जिथे अडतं ते सोडून पुढे जातो, आणि अडलेल्या जागांकडे शेवटी परत येतो. आमची डिस्क वयानेही म्हातारी होती, त्यामुळे काही कप्पे शेवटपर्यंत वाचता आले नाहीत. रात्रभर काम चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

६१ पैकी ५९ फोटो. तीन दुपारींचा आवाज अखंड. चौथ्या दुपारच्या फाइलमध्ये मधली अकरा मिनिटं मुकी. त्या अकरा मिनिटांत काका काय म्हणाले होते ते आता कुणालाच कळणार नाही. माझ्या लक्षात नाही, कारण मला वाटत होतं की रेकॉर्डर आहे ना!

तिसऱ्या दुपारचं मात्र सगळं मिळालं, आणि तेच सांगायला खरं तर हे लिहायला बसलो.

आमच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलो. ओढ्याकाठचं शेत एकदा सावकाराकडे गेलं ते खापरपणजीमुळे. तिला म्हणे व्यवहार कळत नव्हता, नवरा गेल्यावर कुणीतरी अंगठा घेतला. घरात कुणी बाई पैशाचं काही बोलायला लागली की हे उदाहरण तोंडावर फेकलं जायचं. माझ्या आईला ते ऐकावं लागलं, आत्याला तर किती वेळा.

काकांनी वाचलेला ४३ वा कागद १८७७ चा आहे, म्हणजे दख्खनच्या मोठ्या दुष्काळातला. ते गहाणखत आहे. खापरपणजीने शेत गहाण ठेवून रोख नव्हे, धान्य घेतलंय. किती मण जोंधळा, कोणत्या मापाने, कोणत्या महिन्यात, सगळं लिहिलंय. आणि ४४ वा कागद नऊ वर्षांनंतरचा, १८८६ चा. त्यात तेच शेत तिने सोडवून घेतल्याची नोंद आहे. तो काळ आठवा. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची खतं हिसकावून जाळली, ते लोण इतर गावांत पसरलं, आणि त्यातून १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. म्हणजे कागद काय करू शकतो हे तेव्हाच्या माणसांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. अशा काळात एका विधवा बाईने दुष्काळात घर जगवलं आणि शेतही परत आणलं!

रेकॉर्डिंगमध्ये इथे काका वाचायचे थांबतात. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणतात, "म्हणजे आपण म्हातारीला उगाच बोल लावला की रे इतकी वर्षं." हे वाक्य कुठल्याही कागदात नाही. मोडीचा कितीही मोठा जाणकार आणला तरी ते त्याला वाचता आलं नसतं.

मी ते २०१० मध्ये ऐकलं होतं. शेजारीच बसलो होतो. पण तेव्हा माझं लक्ष फोटो नीट येतोय की नाही याकडे होतं. चौदा वर्षं ते कपाटात पडून होतं आणि जळल्यावर मी ते पहिल्यांदा ऐकलं.

आता थोडं सुधारलोय. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते ३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापून घेतले, म्हणून मोडी न येणाऱ्या माझ्यासारख्याला ते आज वाचता येतात. त्याहून मागे जायचं तर आमच्या दारावरून जाणाऱ्या त्याच माउलींच्या ज्ञानेश्वरीची गोष्ट घ्या. हाताने नकला होता होता तिच्यात चुका शिरल्या होत्या. १५८४ मध्ये पैठणला एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून तिची शुद्ध प्रत तयार केली. ताडून पाहायला अनेक प्रती होत्या म्हणून ते जमलं. एकच प्रत असती तर नाथांनी तरी काय केलं असतं?

म्हणून काकांचं बोलणं मी शब्दन् शब्द टाइप केलंय, त्यांच्या "बरं का" सकट. त्याच्या आणि फोटोंच्या तीन प्रती केल्यात: एक माझ्याकडे, एक आत्याकडे, एक गावी ट्रंकेत, चांगल्या कागदावर छापून. नवीन डिस्कच्या अडॅप्टरला लाल रिबन बांधलीय आणि तो अडॅप्टर डिस्कच्याच पिशवीत राहतो. आणि मी मोडीच्या वर्गाला जातोय. अजून 'क' आणि 'फ' मध्ये गोंधळ होतो, पण परवा ४३ व्या कागदावरचं खापरपणजीचं नाव स्वतःचं स्वतः लागलं. अर्धा तास लागला. काकांना अर्धा सेकंद लागला असता. असो.

तुमच्याकडे अशी एखादी डिस्क असेल आणि चुकीची वायर लागून ती मेली असेल, तर एवढंच करा: पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, आणि जळकं सर्किट फेकू नका. आणि डिस्क अजून चालत असेल तर आजच एक प्रत काढा. पण त्याआधी, आवाज ज्याचा आहे तो माणूस जवळ असेल, तर जरा त्याच्याशेजारी जाऊन बसा. रेकॉर्डर चालू असला तरी कान देऊन ऐका.

पुढच्या नवमीला, २०२५ मध्ये, सगळे पुन्हा जमले. पालखी गेल्यावर आत्या सतरंजीवर बसली आणि आम्ही तिसरी दुपार लावली. काकांचं ते वाक्य आलं तसं ती काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "परत लाव."

परत लावलं.